आउटरन : एकाच फाट्यावरून पाहिलेल्या आवृत्त्या

(पडद्यावर मूळ आर्केड आवृत्ती. रेडिओची खुंटी फिरवणारा हात.)

गाडी सुरू करण्याआधी हा गेम एकच गोष्ट विचारतो : गाणं कुठलं लावू? ‘मॅजिकल साउंड शॉवर’, ‘पॅसिंग ब्रीझ’ की ‘स्प्लॅश वेव्ह’? स्टिअरिंग फिरवलं की गाणं बदलतं. मग हिरवा दिवा, आणि लाल फेरारी समुद्रकिनाऱ्यावरून सुटते.

सेगा या जपानी कंपनीचा ‘आउटरन’, नाणं टाकून खेळायच्या आर्केड यंत्रावरचा. साल १९८६.

आपण याला रेसिंग गेम म्हणतो खरं, पण रेस कुणाशी आहे? रस्त्यावरच्या बाकीच्या गाड्या आपापल्या वाटेने निघाल्यात, त्यांना आपल्याशी काही देणंघेणं नाही. भांडण फक्त वरच्या कोपऱ्यात उलट्या मोजणाऱ्या घड्याळाशी. गेमचे कर्ते यू सुझुकी यांच्या डोक्यात आधी अमेरिकेतला प्रवास होता. पण तिथे अंतरं अफाट आणि मधे बघण्यासारखं कमी, म्हणून ते युरोपात गेले आणि फ्रँकफर्टपासून गाडीने फिरले. गेममध्ये आल्प्स, द्राक्षमळे, ऑटोबान म्हणजे जर्मनीतले वेगवान महामार्ग भेटतात ते त्यामुळे. गिअर दोनच. वेग ताशी २९३ किलोमीटरपर्यंत. शेजारी बसलेली मैत्रीण, जी अपघात झाला की भर रस्त्यात बसून आपल्याला झापते.

या गेमच्या घरगुती आवृत्त्या ढीगभर आहेत. रंग किती, आवाज कसा, अशी तुलना करत बसलो तर रात्र सरेल. म्हणून मी सगळ्या एकाच जागी नेऊन बघतो : पहिल्या टप्प्याच्या शेवटचा फाटा.

(दृश्य : कोकोनट बीचचा शेवट. रस्ता रुंदावतो, मग दुभंगतो.)

हे नीट बघा. मेनू नाही, थांबणं नाही. पूर्ण वेगात असताना रस्ता दोन होतो आणि डावं की उजवं हे हातांनाच ठरवावं लागतं. एका फेरीत पाच टप्पे, पण नकाशावर एकूण पंधरा, आणि शेवट पाच वेगवेगळे. एका शेवटात गाडीचा अक्षरशः खुळखुळा होऊन सुटे भाग जमिनीवर पडतात.

फाटा वळला की पुढची कमाल. आकाशाचा रंग हळूहळू उतरतो, जमिनीचा बदलतो, आणि नवा प्रदेश कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही.

हे जमलं कसं? आर्केडच्या बोर्डवर दोन मोटोरोला ६८००० प्रोसेसर होते. झाडं, फलक, गाड्या ही सगळी सपाट चित्रं, पण जवळ येतील तशी ती मोठी करत नेण्याचं काम हार्डवेअरच करायचं. सेगाने आदल्या वर्षी ‘हँग-ऑन’मध्ये हीच युक्ती वापरली होती. रस्त्यासाठी वेगळी सोय होती. पडद्यावरची एकेक आडवी रेघ जरा डावीकडे, जरा उजवीकडे सरकवायची की वळण दिसतं. आणि असे रस्ते एकाच वेळी दोन काढता येत. ते एकमेकांवर ठेवले की एक रुंद रस्ता, दूर सारले की फाटा. सगळं गुपित एवढंच, पण घरच्या यंत्रांजवळ नेमकं हेच नव्हतं.

(दृश्य : कमोडोर ६४.)

कमोडोर ६४ या घरगुती संगणकाच्या युरोपातल्या आवृत्तीने सरळ हात वर केले. फाटा नाहीच. आधी पाचातला एक मार्ग निवडा आणि निघा. गाडी पळते, पण आता ती रुळावरून पळते.

(दृश्य : स्पेक्ट्रम.)

झेडएक्स स्पेक्ट्रम या दुसऱ्या घरगुती संगणकावर फाटा आहे. मात्र टप्पा संपला की पुढचा भाग कॅसेटवरून लोड होईपर्यंत बसून राहायचं. वाऱ्यावर निघालेल्या माणसाला दर टप्प्याला नाक्यावर अडवल्यासारखं. प्रकाशक यूएस गोल्डने सोबत आर्केडच्या संगीताची वेगळी ऑडिओ कॅसेट दिली होती. म्हणजे गाणं एका यंत्रावर वाजवायचं आणि गाडी दुसऱ्यावर हाकायची! हसू येतं, पण हिरोशी कावागुची यांच्या संगीताशिवाय हा गेम उभा राहत नाही हे त्यांना कळलं होतं, एवढं श्रेय द्यायला हवं.

सेगाच्या स्वतःच्या मास्टर सिस्टम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरची आवृत्ती १९८७ ची. फाटा शाबूत, पण झाडं मोठी होताना टप्प्याटप्प्याने उड्या मारतात. जपानमध्ये एफएम या जास्तीच्या ध्वनी-चिपची सोय असलेल्यांना मात्र तिथलं संगीत फार गोड ऐकू यायचं.

(दृश्य : मेगा ड्राइव्ह, १९९१.)

मेगा ड्राइव्हवर, म्हणजे सेगाच्या पुढच्या गेमयंत्रावर, थोडं थांबू. इथेही प्रोसेसर ६८०००च, पण एकटा, आणि चित्रं मोठी करणारं हार्डवेअर नाही. त्यामुळे प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या आकारांत आधीच काढून ठेवावी लागते. दूरचं झाड बघा : छोटं, मध्यम, एकदम मोठं. डोळ्यांना खटकतं, कबूल. पण आता झाडं सोडा, रस्ता बघा. चढावर पुढचं काही दिसत नाही, माथ्यावर आलो की अचानक अख्खी दरी उघडते, आणि फाटा चालत्या गाडीतच घ्यायचा. शिवाय ‘स्टेप ऑन बीट’ हे नवं गाणं, खास या आवृत्तीसाठी. चित्रात उणी असली तरी चालवण्यात ही मूळ गेमची सख्खी आहे, असं माझं मत.

(दृश्य : सॅटर्न.)

मग सेगाच्याच सॅटर्न या गेमयंत्रावरची १९९६ ची आवृत्ती, म्हणजे मूळ आर्केड घरात यायला दहा वर्षं लागली. इथे एक भांडणाचा मुद्दा येतो. मूळ गेममध्ये पडद्यावरचं चित्र सेकंदाला ३० वेळा बदलायचं (म्हणजे ३० फ्रेम), सॅटर्नने ६०चा पर्याय दिला. पुढे एमटू या कंपनीने निन्टेंडो ३डीएस या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी ‘थ्रीडी आउटरन’ केला तोही ६०चाच, वर खरी खोली दाखवणारा. फाट्यावर दोन रस्ते दूर जाताना तिथे जे दिसतं ते या व्हिडिओत दाखवता येणार नाही, तुमचा पडदा सपाट आहे. त्यात दोन नवी गाणीही आहेत आणि गाडी सुधारण्याची सोयही. फक्त ती आता फेरारी नाही. मूळ गेमने फेरारीचा परवाना घेतलाच नव्हता, त्यामुळे नव्या आवृत्त्यांत गाडीचं रूप थोडं बदलावं लागलं. लाल रंग तेवढा राहिला.

(दृश्य : स्विच आवृत्ती आणि मूळ आर्केड, शेजारी शेजारी.)

निन्टेंडोच्याच स्विच या गेमयंत्रावरची आवृत्तीही एमटूचीच, पहिल्यांदा जपानमध्ये २०१८ साली आलेली. आज सहज मिळणाऱ्यांत हीच पुरी आहे : रुंद पडदा, गुळगुळीत हालचाल. तरी डावीकडे बघा, मूळ आर्केड. ३० फ्रेममध्ये समोरचा ट्रक जरा धसमुसळा अंगावर येतो, चुकवायला क्षणभर कमीच मिळाल्यासारखा वाटतो. ६०मध्ये तोच ट्रक शहाण्यासारखा येतो. नवख्याला मी ६०च लावून देईन. स्वतः खेळताना, पर्याय असेल तिथे, ३०.

एक गोष्ट यातल्या कुठल्याच घरगुती आवृत्तीत येऊ शकली नाही. आर्केडचं बसून खेळायचं मोठं कॅबिनेट मोटरवर होतं. गाडी वळली की खुर्चीसकट सगळं कलायचं, रस्ता सोडला की हादरायचं. फाट्यावर डावीकडे घेतलं, तर तुम्ही खरोखर डावीकडे जायचात.