२३९.८ मीटरवरचे आमचे गाव

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरातल्या रेडिओच्या काचेवर, आकड्यांच्या ओळीत, आजीने कुंकवाचा एक ठिपका लावून ठेवला होता. तिला अक्षरओळख नव्हती. काटा ठिपक्याखाली आला की सांगली लागते, एवढे तिला पुरे होते. खंडेनवमीला विळे, खुरपी आणि नांगराच्या फाळाशेजारी रेडिओही पूजेला मांडला जाई आणि त्या दिवशी ती पुसट झालेला ठिपका पुन्हा ठळक करी. उद्घोषक ज्याला लहरीच्या लांबीने २३९.८ मीटर म्हणजेच कंपनसंख्येने १२५१ किलोहर्ट्झ म्हणत, त्याला आमच्या घरात सगळे नुसते 'ठिपका' म्हणत. "ठिपक्यावर लाव रे," असे वडील म्हणाले की आकाशवाणीचे सांगली केंद्र लागे.

हे केंद्र १९६३ साली सुरू झाले. मुंबईचे प्रक्षेपण १९२७ पासूनचे आणि पुण्याचे १९५३ पासूनचे, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांनी रेडिओ ऐकायला सुरुवात केली ती त्या दूरच्या शहरांचा. मी मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावात, ऐंशीच्या दशकात शाळेत होतो. आजोबांनी रेडिओच्या लायसनचे पुस्तक तेव्हाही ट्रंकेत जपून ठेवले होते. वर्षाला पोस्टात पैसे भरायचे आणि त्या पुस्तकात तिकिटे चिकटवून घ्यायची, अशी ती पद्धत माझ्या शाळेच्याच काळात बंद झाली.

सकाळची सभा, म्हणजे सकाळचे प्रसारण, आकाशवाणीच्या त्या धूनने उघडे. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनचे सूर येत आणि नंतर 'वंदे मातरम्' होई. शिवरंजनी रागाच्या अंगाने जाणारी ही धून वॉल्टर कॉफमन या प्रागहून मुंबईला आलेल्या संगीतकाराने बांधली, हे मला फार उशिरा कळले. त्या वयात ती आमच्या चुलीच्या धुराइतकीच घरची वाटे. पुढे पाच कमी सातला 'इयम् आकाशवाणी' असे संस्कृत शब्द आले की आईचा आवाज चढे, "संस्कृत बातम्या लागल्या आणि तुझी अजून अंघोळ नाही?" सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून सहक्षेपित होणाऱ्या प्रादेशिक बातम्या येत, आणि 'सुधा नरवणे आपल्याला बातम्या देत आहेत' हे वाक्य कानी पडेपर्यंत दप्तर भरलेले नसेल, तर शाळेची घंटा चुकणार हे ठरलेले असे. घरात भिंतीवर घड्याळ होते, पण ते रेडिओवरून लावले जाई.

तरीही पुण्याचा आणि दिल्लीचा आवाज आम्ही पाहुण्याचा म्हणून ऐकत असू. ठिपक्यावरच्या आवाजाला मात्र आमचे रस्ते ठाऊक होते. फर्माईशीच्या पत्रांची नावे वाचली जात, तेव्हा तासगाव, विटा, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, शिरोळ, इस्लामपूर अशी आमच्या एस.टी.च्या पाट्यांवरची गावे एकामागून एक येत. एरवी आमच्या गावांची नावे इतक्या स्वच्छ, सावकाश आणि आदराने कुणी उच्चारल्याचे मी ऐकले नव्हते. पुस्तकातली मराठी आणि आमच्या ओट्यावरची मराठी यांच्यामध्ये उभी असलेली भिंत माझ्यापुरती त्या उच्चारांनी पाडली, असे मी आज मनापासून म्हणतो.

वडिलांचा रेडिओ निराळा होता. ते ऐकत ते बाजारभाव. आमच्याकडे थोडी हळद असे, आणि सांगलीच्या पेठेत राजापुरी हळदीला क्विंटलमागे काय मिळाले, हे ते दाराच्या मागच्या बाजूला खडूने लिहून ठेवत. हंगामात त्या दारावर आकड्यांचा एक लांबलचक उभा स्तंभ तयार होई. हळद आता बाजारात न्यायची, की हरिपुरातल्या एखाद्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, ठेवून थांबायचे, याचा निर्णय ते त्या स्तंभाकडे पाहून घेत. रेडिओने सांगितलेला भाव आणि आडत्याने सांगितलेला भाव यांत फरक पडला, तर ते आडत्यासमोर न संकोचता दाराचा हवाला देत. लहान शेतकऱ्याला त्या काळी दुसरा साक्षीदार नव्हता.

पावसाळ्यात सगळ्यांचेच कान पाण्याच्या आकड्यांकडे असत. कोयनेतून किती क्युसेक्स पाणी सोडले आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आहे, हे ऐकताना घरात भांड्याचाही आवाज होऊ दिला जात नसे. चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, तेव्हा मी दूर होतो आणि माझ्या फोनवर दर पाच मिनिटांनी निराळा आकडा येत होता. धरण फुटल्याची अफवासुद्धा त्यांत होती. त्या रात्री मला ठिपक्यावरच्या त्या संथ, एकाच आवाजाची जितकी आठवण झाली, तितकी त्याआधी कधी झाली नव्हती.

अंधार पडल्यावर मात्र आमचे केंद्र पूर्वीसारखे निखळ लागत नसे. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या अंगाने जातात. सूर्य मावळला की त्यांना वर शोषून घेणारा हवेचा थर विरतो, आणि शेकडो मैलांवरच्या केंद्रांच्या लहरी आकाशातून परतून खाली येतात. त्यामुळे रात्री सांगलीच्या भावगीतामागे कुठलीतरी न कळणारी भाषा कुजबुजत राही. सेल उतरले असले तर ही कुजबुज आणखी वाढे, आणि दुसऱ्या दिवशी आई ते सेल पापडांच्या शेजारी उन्हात ठेवी.

आता जे सांगायचे आहे, त्यासाठीच मी आज आपल्यासमोर बसलो आहे. मी सातवीत असताना आमच्या गावच्या भजनी मंडळाला सांगली केंद्राकडून ध्वनिमुद्रणाचे बोलावणे आले. करारपत्राचा कागद आठवडाभर विठ्ठलाच्या पायाशी ठेवला होता. ठरल्या दिवशी सगळे धुतलेले पांढरे सदरे घालून, पखवाजाला चादर गुंडाळून, सकाळच्या एस.टी.ने निघाले. वीणेकरी आजोबांची पिशवी धरायला म्हणून मला बरोबर घेतले होते. स्टुडिओचा दरवाजा इतका जाड होता, की तो मिटल्यावर स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. भिंतींना छिद्रे होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी पखवाज मागे बसवला आणि बारा टाळकऱ्यांपैकी चौघांनीच टाळ वाजवावेत, बाकीच्यांनी फक्त गावे, असे हात जोडून सांगितले, कारण बारा टाळांखाली शब्द बुडून गेले असते. मी काचेच्या पलीकडून पाहत होतो. तांबडा दिवा लागला आणि रोज देवळात डोळे मिटून गाणारी ती माणसे डोळे उघडे ठेवून, त्या दिव्याकडे बघत गायला लागली.

दुसरा अभंग संपता संपता वीणेकरी आजोबांना खोकला आला. त्यांनी तो उपरण्यात दाबला, पण तो फितीवर गेला. वेळ संपत आली होती, म्हणून अभंग तसाच ठेवला. परतीच्या प्रवासात ते कुणाशी बोलले नाहीत.

प्रसारणाच्या दिवशी रेडिओ देवळाच्या कट्ट्यावर आणून ठेवला होता. 'ठिपका' नीट लागला आहे ना, हे आजीने स्वतः वाकून पाहिले. दुसरा अभंग संपला, तो खोकला ऐकू आला, आणि बायकांच्या घोळक्यातून वीणेकरी आजोबांच्या कारभारणीचा आवाज आला, "ह्यांचाच की गं!" त्या आवाजात इतका आनंद होता, की आजोबांनी पहिल्यांदाच मान वर केली. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. त्यांचा आवाज टिपून ठेवणारे दुसरे कोणतेही साधन गावात नव्हते.

त्या काळी ध्वनिफिती पुसून पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे मूळ फीत राहिली असेल अशी आशा मी धरत नाही. परंतु अनेक घरांत लोक रेडिओजवळ टेपरेकॉर्डर ठेवून आवडीचे कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेत. श्रोतेहो, अशा कॅसेट आपल्या माळ्यावर असतील तर त्या टाकून देऊ नका. बुरशी चढण्याआधी त्या उतरवून घ्या, आणि कोण गाते आहे, कोणत्या गावचे आहे, साधारण कोणते साल आहे, हे आठवते तोवर कागदावर लिहून ठेवा. एखाद्या कॅसेटमध्ये चार टाळांचे भजन निघाले, तर ते दुसऱ्या अभंगाच्या शेवटापर्यंत ऐका. तिथे उपरण्यात दाबलेला एक खोकला असेल, तर ती कॅसेट आमच्या गावची आहे.

नमस्कार.