तापाचा पत्ता

(रत्नागिरीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अंगातला संसर्ग नेमका कुठे दडलाय हे स्कॅनने कसं शोधतात, ते आज सांगतो. सुरुवात पायापासून करतो. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरलं की टाचेत काटा मोडतो. मधुमेह जुना असेल तर पावलाची जाणीव गेलेली असते, त्यामुळे काटा कळतच नाही. जखम वरून धरते, पुन्हा फुटते, पाणी येत राहतं. मग डॉक्टरांपुढे खरा प्रश्न उभा राहतो, की संसर्ग मांसापुरता आहे की हाडात शिरलाय? मांसात असेल तर औषधं थोड्या दिवसांची. हाडात असेल तर कित्येक आठवड्यांची, आणि कधी बोट काढायची पाळी येते.

अशा वेळी पहिल्या एक्स-रेवर फार विसंबता येत नाही. हाडातले 30 ते 50 टक्के क्षार गेल्याशिवाय त्यावर खूण उमटत नाही, आणि त्याला दहा-पंधरा दिवस लागतात. एमआरआय पुष्कळ सांगतो. पण हायवेवरच्या अपघातानंतर मांडीत रॉड बसवलेला असला, तर धातूभोवतीचंच चित्र बिघडतं आणि बघायचं असतं नेमकं तिथेच.

इथे आमचं, म्हणजे अणुवैद्यकवाल्यांचं काम सुरू होतं. आम्ही बाहेरून किरण सोडत नाही. किरणोत्सारी औषध शिरेतून देतो आणि अंगातून बाहेर येणारे गॅमा किरण कॅमेऱ्याने टिपतो. यातलं रोजच्या वापरातलं द्रव्य म्हणजे टेक्नेशियम-99एम. टेक्नेशियम हे मूलद्रव्य 1937 साली इटलीत पालेर्मोला सापडलं. माणसाने कृत्रिमरीत्या घडवलेलं ते पहिलं मूलद्रव्य. टेक्नेशियम-99एमचं अर्धायुष्य सहा तासांचं, म्हणजे दर सहा तासांनी त्याचा जोर निम्मा होतो. ‘घरी नातू आहे, मांडीवर घेऊ ना?’ असं हटकून विचारतात. चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो, त्यातलाही बराचसा लघवीवाटे निघून जातो. त्या दिवशी भरपूर पाणी प्या, नातवाला दुसऱ्या दिवशी घ्या.

हे टेक्नेशियम वापरून काढलेला हाडांचा साधा स्कॅन, म्हणजे बोन स्कॅन, दोन-तीन दिवसांतच हाडातला बदल दाखवतो. पण तो फार बोलका आहे. फ्रॅक्चर असो, संधिवात असो, नुकतं झालेलं ऑपरेशन असो, सगळीकडे तो उजळतो. गुडघा बदलल्यावर वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ, तो उजळतच राहतो. त्यावरून जंतू आहे असं ठामपणे म्हणणं मला पटत नाही.

म्हणून पांढऱ्या पेशींचा स्कॅन. रुग्णाचं साधारण चाळीस-पन्नास मिलिलिटर रक्त घ्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना टेक्नेशियम जोडायचं आणि त्या त्याच माणसाला परत द्यायच्या. नळीवरचं नाव प्रत्येक टप्प्यावर मोठ्याने वाचतात, कारण इथे अदलाबदल परवडणारी नाही. एका आजींनी विचारलं होतं, ‘बाळा, काढलेलं रक्त परत देणार ना?’ म्हटलं, आजी, ही एकच तपासणी अशी आहे जिथे दुपारपर्यंत थोडं परत मिळतं!

त्या पेशी पू असेल तिकडे धावतात. तासाभराने, तीन-चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी चित्रं घ्यायची. डाग तासागणिक गडद होत गेला तर संसर्गाचा संशय बळावतो, फिका पडत गेला तर बहुधा नुसती सूज. मात्र या पेशी अस्थिमज्जेतही जातात, म्हणून कधी मज्जेचा वेगळा स्कॅन काढून दोन्ही चित्रं शेजारी ठेवावी लागतात. आणि मणक्यात ही तपासणी बऱ्याचदा फसते. तिथे पेट स्कॅन बरा. त्यात किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. सुजेच्या जागी पेशी साखर जास्त खातात, तेच त्यात दिसतं. पण साखर कॅन्सरही खातो आणि क्षयाची गाठही. आपल्या देशात हा घोळ नेहमीचा, शेवटी तुकडा काढून तपासावा लागतोच.

थोडक्यात, आतापर्यंत सांगितलेल्या एकाही स्कॅनमध्ये जंतू दिसत नाही. दिसतं ते शरीराचं उत्तर. थेट जंतूला चिकटेल असं काही हवं, ही धडपड जुनी आहे. 1990च्या दशकात लंडनमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकलाच टेक्नेशियम जोडून पाहिलं. सुरुवातीला वाहवा झाली, पुढे कळलं की जंतू नसलेल्या सुजेतही ते साचतं. आता आशा यूबीआय नावाच्या, प्रथिनातल्या तेरा अमिनो आम्लांच्या तुकड्यावर आहे. त्याच्यावर धन भार, जंतूच्या आवरणावर ऋण भार, म्हणून ते चिकटतं. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यावर चांगलं काम झालंय. तासा-दोन तासांत चित्र मिळतं, रक्त काढून पेशी वेगळ्या करायची खटपट नाही. मला हा रस्ता सर्वांत आश्वासक वाटतो.

आता आपल्या किनाऱ्याचा हिशोब. पेटच्या साखरेला जोडलेल्या किरणोत्सारी फ्लोरिन-18चं अर्धायुष्य 110 मिनिटं. मुंबईहून सकाळी सहाला निघालेली बाटली दुपारी एक वीसला रत्नागिरीत पोचली, तर सोळावा हिस्सा उरला. टेक्नेशियम मात्र मॉलिब्डेनम-99च्या जनरेटरमधून जागेवरच काढता येतं. हा जनरेटर विजेचा नव्हे; त्यातल्या मॉलिब्डेनमचं आपोआप टेक्नेशियम होत राहतं. आम्ही त्याला ‘गाय’च म्हणतो, कारण रोज दूध काढल्यासारखं टेक्नेशियम काढायचं. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य 66 तास, त्यामुळे त्याच प्रवासात जेमतेम सात-आठ टक्के घट. कोकणात आधी गॅमा कॅमेरा यावा, पेटचा मोह नंतर, असं मी म्हणतो ते या आकड्यांमुळे.

तोवर ज्यांना मुंबई किंवा कोल्हापूर गाठायचंय त्यांनी जुने एक्स-रे, ऑपरेशनची तारीख आणि अँटिबायोटिक कधी सुरू केलं ते लिहून न्यावं, कारण औषध चालू असताना डाग फिका दिसू शकतो. पेट असेल तर उपाशी जायचं आणि रक्तातली साखर आटोक्यात हवी. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर ते आधीच सांगा. आणि पांढऱ्या पेशींचा स्कॅन असेल तर परतीचं तिकीट त्याच रात्रीच्या कोकणकन्येचं काढू नका. शेवटचं चित्र दुसऱ्या दिवशी असतं.