जुन्या व्हॅनचे डाग आणि दिवे

नमस्कार श्रोतेहो.

वापरलेली व्हॅन बघायला गेलात आणि तिचं इंजिन अगदी लख्ख धुतलेलं दिसलं, तर खूश होऊ नका. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या इंजिनावर थोडी धूळ, थोडा चिकटा असायचाच. गळती कुठून होते ते त्या चिकट्यावरूनच कळतं, आणि नेमका तोच धुऊन टाकलेला असतो. म्हणून गाडी अर्धा तास फिरवून आणा, कोरड्या जागी उभी करा आणि खाली मोठा पुठ्ठा सरकवा. मालक तयार असेल तर रात्रभर राहू द्या. चाकं कुठे आहेत त्याच्या खुणा पुठ्ठ्यावर पेनाने करून ठेवा, नाहीतर सकाळी डाग हाती लागतो, पण तो कशाखालचा याचा पत्ता नसतो.

व्हॅनच्या बाबतीत या खुणांना जास्तच महत्त्व. कित्येक जुन्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. फोक्सवॅगनच्या १९५० पासूनच्या जुन्या व्हॅनचं तर मागच्या टोकाला, आणि त्यातल्या कूलंटने, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाने, गार होणाऱ्या मॉडेलांत रेडिएटर मात्र पुढे. म्हणजे कूलंटचे पाइप अख्ख्या गाडीच्या पोटाखालून जातात. अशा गाडीखाली मधोमध डाग दिसला तर तो इंजिनाचा नसेल असं म्हणता येत नाही.

डाग बोटांत चोळा, वास घ्या. स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं असतं; ते सोडून द्या. काळपट, बुळबुळीत ते इंजिन ऑईल. लालसर तेल बहुतेक वेळा पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं. घट्ट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं ते गियर ऑईल. कूलंट हिरवा, गुलाबी, निळा, नारिंगी कसाही असतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका. गोडसर वास ही त्याची खूण. तो विषारी असतो आणि जनावरं तो चाटतात, तेव्हा सांडलेला लगेच पुसून घ्या. एक गळती तर पुठ्ठ्यावर येतच नाही: हीटरची जाळी फुटली की कूलंट आत, पायाखालच्या मॅटमध्ये मुरतो आणि समोरच्या काचेवर चिकट वाफ धरते.

चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या वर ओल दिसली तर मात्र ट्रायल घ्यायचीच नाही. ब्रेक ऑईल पातळ, पिवळसर असतं आणि रंग सोलून काढतं.

आता गळतीचं मूळ. तेल वरून खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं. थेंब टपकतो तिथे गळती असेलच असं नाही. नेहमी दिसणारा प्रकार सांगतो. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग जुनं होऊन कडक होतं. तेल इंजिनाच्या मागच्या अंगाने उतरतं आणि इंजिन-गियरबॉक्सच्या जोडावर येऊन लोंबतं. बघणारा म्हणतो, क्रँकचं मागचं सील गेलं. त्या सीलसाठी बहुतेक गाड्यांत गियरबॉक्स उतरवावा लागतो. पॅकिंग बदलणं त्यामानाने किरकोळ काम. म्हणून आधी तो भाग पुसून कोरडा करा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, इंजिन पंधरा मिनिटं चालवून बंद करा आणि टॉर्च घेऊन बघा. पावडर सगळ्यांत वर जिथे भिजली, तिथून शोध सुरू करायचा.

दिव्यांकडे वळू. चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. ऑईल, बॅटरी, चेक इंजिन, असेल तर एबीएस, हे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझले पाहिजेत. ऑईलचा दिवा चावी फिरवूनही लागलाच नाही, तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी वायर काढून ठेवलीय. पेटून राहिलेल्या दिव्यापेक्षा न पेटलेल्या दिव्याची मला जास्त शंका येते.

ऑईलचा हा लाल दिवा ऑईलची पातळी दाखवत नाही, प्रेशर दाखवतो. तो चालत्या गाडीत लागेपर्यंत बऱ्याचदा पंप हवा ओढू लागलेला असतो. तेव्हा बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा, मग डिपस्टिक काढा. पातळी ठीक असेल तर प्रेशरचा स्विच बघा. पुष्कळदा तोच खराब असतो आणि त्याच्याच बुडातून ऑईलही पाझरत असतं. गरम इंजिन आयडलवर असताना दिवा लुकलुकत असेल, तर खरा गेज लावून प्रेशर मोजल्याशिवाय पुढचं बोलूच नका. जरुरीपेक्षा घट्ट ऑईल भरून ही लुकलुक काही दिवस लपवता येते.

ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडूनही जळत असेल तर ब्रेक ऑईल कमी असेल, पण दर वेळी ते गळालेलंच असेल असं नाही. पॅड झिजले की पातळी आपोआप खाली येते. नुसतं ऑईल ओतून दिवा विझवला, तर नवे पॅड बसवताना तेच वर उतू येतं.

बॅटरीचा दिवा लागला की तापमानाच्या काट्याकडे बघा. पुष्कळ इंजिनांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंप एकाच बेल्टवर असतात; बेल्ट तुटला की दोन्ही थांबतात. बेल्ट शाबूत असेल तर मीटर लावा: इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळायला हवेत. आणि काटा अचानक खाली पडला म्हणून निर्धास्त होऊ नका. कूलंट पार निघून गेला की सेन्सर हवेत राहतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा गार दाखवू शकतो. हीटर एकाएकी थंड हवा फेकू लागला, तर शंका पक्की.

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. न जळलेलं इंधन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं, म्हणून ॲक्सिलरेटर सोडा. ओबीडी-२ सॉकेट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायची जागा, असलेल्या व्हॅनला स्कॅनर लावताना कोडबरोबर ‘रेडिनेस’ही बघा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या (मॉनिटर) पूर्ण झाल्यात का ते. सगळे मॉनिटर अपूर्ण दिसले तर कोड नुकतेच पुसलेत. ‘बॅटरी बदलली होती’ असं मालक म्हणेल, आणि ते खरंही असू शकतं. मग गाडी काही दिवस नेहमीसारखी चालू द्या, पुन्हा स्कॅनर लावा आणि विसार त्यानंतरच द्या.

नमस्कार.