काटा क्योतोचा, काटा संक्रांतीचा

श्रोतेहो, नमस्कार.

बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून जो काटेरी हलवा ओततात, त्याचा एक दाणा तळहातावर घेऊन नीट पाहा. मधे तीळ, वर साखर आणि साखरेला चहूकडून फुटलेले बारीक काटे. आता जपानमधल्या क्योतो शहरातल्या मिठाईच्या दुकानात चला. तिथेही असाच दाणा मिळतो, फक्त थोडा मोठा. काटे बोथट, रंग फिका: गुलाबी, पिवळा, हिरवा, पांढरा. त्याला म्हणतात कोम्पेइतो.

जपानी मिठाई म्हटली की अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड पुरण आणि चिकट तांदळाची मोची आठवते. कोम्पेइतोत यातलं काही नाही, आणि तो मूळचा जपानीही नाही. पोर्तुगीज भाषेत साखरेचे थर चढवलेल्या दाण्याला ‘कॉन्फेइतो’ म्हणतात, त्याचंच हे जपानी रूप. ही वाट गोव्यावरून गेली. फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९मध्ये गोव्याहून निघाले आणि ऑगस्टमध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. त्यांच्यामागून गेलेल्यांत लुइश फ्रोइश हे धर्मोपदेशक होते. तेही १५४८ साली गोव्यात आले होते आणि तिथूनच पुढे जपानला गेले. १५६९ साली त्यांनी क्योतोत ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बाटलीत भरलेला कोम्पेइतो नजर केला. जपानात तेव्हा साखर दुर्मीळ, त्यामुळे मूठभर गोड खडे सरदाराला द्यायच्या तोलाचे होते. नागासाकीचा प्रसिद्ध कासुतेरा केक हीसुद्धा पोर्तुगीजांचीच देणगी.

कोम्पेइतो बनवायला दोन आठवडे लागतात. जिन्नस म्हणाल तर साखर, पाणी आणि मधला कण, एवढेच. पूर्वी मधे तीळ किंवा खसखस असे; आता बहुतेक ठिकाणी चिकट तांदळाची भाजलेली, खसखशीएवढी कणी वापरतात. एक भलंमोठं लोखंडी तसराळं तिरकं बसवलेलं असतं. ते सावकाश फिरतं, खालून आच असते. कणी त्यात घसरत, लोळत राहते. कारागीर पळीने थोडा पाक सोडतो, लांब दांड्याच्या उलथन्याने दाणे वरखाली करतो आणि ते कोरडे झाले की पुन्हा पाक घालतो. दिवसभर हेच चालतं, तरी दाणा एक मिलिमीटरही धड वाढत नाही. क्योतोत १८४७पासून फक्त कोम्पेइतोच करणारं एक दुकान आहे, र्‍योकुजुआन शिमिझू. तिथला दाणा तयार व्हायला सोळा ते वीस दिवस लागतात. उलथनं शिकायला दहा वर्षं आणि पाक घालायला शिकायला दहा वर्षं, असं तिथे म्हणतात. लिहून ठेवलेलं प्रमाण तिथे नाही. दाणे लोखंडावर घरंगळताना जो आवाज येतो, तो ऐकून पुढची पळी घालायची की थांबायचं ते ठरतं.

काटा येतो कसा? दाणा लोळताना त्याचा जरासा उंचवटा तापलेल्या लोखंडाला आधी टेकतो. तिथला पाक आधी वाळतो आणि साखर जमते. पुढच्या पळीला तोच उंचवटा जास्त पाक पकडतो, म्हणून आणखी वाढतो. खळगा मागेच राहतो. तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञालाही या काट्यांनी कोड्यात टाकलं होतं. गोल दाण्यावर सगळीकडून सारखाच पाक पडतो, मग तो गोलच का वाढत नाही, यावर त्यांनी लिहून ठेवलं आहे.

आपल्या हलव्याचा काटाही याच रीतीने येतो. फक्त तसराळ्याच्या जागी परात आणि उलथन्याच्या जागी बोटं. दोन चमचे तीळ निवडून कोरडेच हलके भाजून घ्या. दोन वाट्या साखरेत एक वाटी पाणी घालून उकळा. चमचाभर दूध घातलंत की मळी वर येईल, ती काढून टाका आणि एकतारीच्या जरा अलीकडे पाक उतरवून फडक्यातून गाळा. इथे लिंबू पिळू नका. एरवी पाकात साखर जमू नये म्हणून आपण लिंबू पिळतो, कारण आंबटपणाने साखरेचे दोन भाग होतात आणि ते स्फटिक धरू देत नाहीत. हलव्यात तर साखर जमायलाच हवी. फळांच्या आंबट रसाचा कोम्पेइतो करणं कारागिरांना अवघड जातं, तेही याच कारणाने. तूप-तेलाचा अंशही स्फटिकाच्या आड येतो, म्हणून परात घासून कोरडी करून घ्या.

शेगडीची आच इतकी मंद हवी की परातीवर हात ठेवता यावा. तीळ पसरा, अर्धा चमचा कोमट पाक सोडा आणि बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवत राहा. ओले असताना दाणे हाताला चिकटतात. वाळत आले की सुटे होतात आणि परातीत खुळखुळतात. खुळखुळल्याशिवाय पुढचा पाक घालू नका. पहिल्या दिवशी नुसता पांढरा लेप दिसेल. रोज दोन-तीन तास बसलात तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काटा दिसू लागेल.

बिघडतं ते बहुधा घाईने. पाक एकदम जास्त पडला की खळगे भरतात आणि दाणा गुळगुळीत होतो, नाहीतर दोन-चार दाणे मिळून गोळा होतो. पाक पातळ असला तर आलेला काटा विरघळतो. फार घट्ट झाला तर तिळावर न बसता परातीत पिठीसारखा भुगा पडतो. तो चाळून काढा आणि पाकात दोन चमचे पाणी घालून गरम करा. आच वाढली की हलवा पिवळा पडतो. बोटं दाबून फिरवलीत तर काटे मोडतात. आणि हवा दमट असेल तर त्या दिवशी हा खटाटोप करूच नये. हलवा थंडीतच करतात, त्याला सणाइतकंच कोरड्या हवेचंही कारण आहे. रंग किंवा केशर शेवटच्या काही थरांत घातलं तरी पुरतं.

आपला काटा टोकदार आणि नाजूक राहतो, जपानी काटा बोथट होतो. दोन आठवडे एकमेकांवर घासून टोकं झिजतात. म्हणून कोम्पेइतो पिशवीत भरून कुठेही नेता येतो. लष्करी कोरड्या बिस्किटांच्या पाकिटात तो मुद्दाम घालतात, कारण बिस्किटं घशाखाली उतरायला तोंडाला पाणी सुटावं लागतं. राजघराण्यातल्या समारंभांत पाहुण्यांना लहानशा चांदीच्या डबीतून देतात तोही कोम्पेइतोच. चहाच्या समारंभासाठी तर त्याचं वेगळं भांडं असतं: अरुंद तोंडाची, मुठीत मावेल एवढी कुपी, नाव फुरिदाशी. कागदाच्या घडीवर ती हलकेच हलवायची, चार-पाच दाणे बाहेर पडतात. ते तोंडात घोळवून संपवायचे आणि मग कडू हिरवा माच्चा प्यायचा.

दोन्हीही कोरड्या काचेच्या बरणीत, घट्ट झाकणाखाली ठेवा. फ्रिजमध्ये नको. बाहेर काढल्यावर दाण्यांवर दव धरतं आणि तीन दिवसांची मेहनत तासाभरात चिकट होऊन बसते.