कृष्णाकाठच्या मंडळ्या

श्रोतेहो, नमस्कार.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा जगभरच्या अनेक चर्चमध्ये ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेसाठी पाळला जातो. त्या निमित्ताने मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांविषयी बोलणार आहे.

वाई आणि सातारा येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम होते. ती परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपणच पाहावा असे मानणारी. सांगली, मिरज, इस्लामपूर या बाजूला प्रेस्बिटेरियन मिशन होते आणि तेथे वडिलांच्या, म्हणजे मंडळीतील ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या, सभांना अधिकार असे. कृष्णा वाईहून कऱ्हाडमार्गे सांगलीला विनासायास येते. मात्र मिशनांनी कार्यक्षेत्रे आपसांत वाटून घेतल्यामुळे हद्दीच्या अलीकडचे मूल एका पंथात वाढे, तर पलीकडचे दुसऱ्या. आपल्या पणजोबांनी दोन्ही पंथ तोलून पाहून एक निवडला, असे सहसा घडलेले नाही. त्यातही, १८५२ मध्ये कोल्हापूरला काम सुरू करणारे रॉयल वाइल्डर हे मुळात साताऱ्याकडील मिशन चालवणाऱ्या त्याच अमेरिकन बोर्डाचे मिशनरी होते आणि ते काम प्रेस्बिटेरियनांकडे गेले ते १८७० मध्ये. कारभाराच्या सोयीने पडलेल्या या रेषेला आपण पुढे श्रद्धेचा भेद समजू लागलो, याचे मला मनापासून दुःख वाटते.

ही रेषा पुसण्याचे प्रयत्नही जुने आहेत. १९२४ मध्ये या दोन्ही परंपरा युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये एकत्र आल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे त्या चर्चसह अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशा सहा चर्चनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना केली. बालकांना बाप्तिस्मा द्यावा की विश्वास समजून कबूल करणाऱ्यांनाच, हा प्रश्न किती जुना आणि किती तिखट आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांनाच दोन्ही रीती एका चर्चमध्ये मान्य करण्यामागचे धैर्य कळेल. बिशप हे पद ज्या परंपरांत नव्हते त्यांनी ते स्वीकारले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले.

तथापि, घटनेत झालेले ऐक्य बाकावर बसणाऱ्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि येथे मला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची आठवण होते. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ते साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांना त्या दरबारात हवे होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची भजने मात्र मराठी मंडळ्यांत आजही टाळ-पेटीवर गायली जातात आणि गाताना कोणी शेजाऱ्याचा पंथ विचारत नाही.

आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे कॅथलिक बांधवांशी असलेले अंतर अधिक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ऐक्यासंबंधीचा आदेश काढला, तरी आपण अद्याप एका मेजाभोवती प्रभुभोजन, म्हणजे भाकर व द्राक्षारसाचा संस्कार, घेऊ शकत नाही, आणि ही वेदना झाकून ठेवू नये असे मला वाटते. पण आपण ज्याला बाप्तिस्मा म्हणतो आणि ते स्नानसंस्कार म्हणतात, तो पाण्याने व पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असेल तर कॅथलिक चर्च तो मानते. दोन्हींकडचे मुलगा-मुलगी लग्नाचे ठरवतात तेव्हा घरच्या मंडळींनी वादाआधी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आणखी एक भेद पंथांच्या यादीत कधीच येत नाही, तो म्हणजे जात. २०१३ च्या प्रार्थना सप्ताहाचे साहित्य भारतातील स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटने तयार केले होते आणि त्यात दलितांवरील अन्याय केंद्रस्थानी होता. सोयरीक जुळवताना जात विचारणाऱ्या मंडळीने ऐक्याची प्रार्थना कोणत्या तोंडाने करावी?

माझी विनंती साधी आहे. यंदाच्या सप्ताहात सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, मिरज येथील पाळकांनी आणि फादरांनी एक संध्याकाळ एकत्र उपासनेसाठी ठेवावी. प्रभूची प्रार्थना आपण वेगवेगळ्या मराठी शब्दांत म्हणतो, त्यामुळे ती त्या दिवशी कोणत्या शब्दांत म्हणायची हे त्यांना आधी भेटून ठरवावे लागेल. त्या भेटीची तारीख या रविवारीच आपापल्या मंडळीत जाहीर व्हावी.

नमस्कार.