सोसायटीचे रजिस्टर आणि पूर्व जर्मनीचे घरपुस्तक

नमस्कार. ठाण्यात, घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमधून मी बोलतो आहे, आणि माझ्या हातात आहे ते गेटवरचे रजिस्टर. पाहुण्याचे नाव, फ्लॅट क्रमांक, येण्याची वेळ. यातले निम्मे अक्षर लागत नाही आणि ते कुणी वाचायलाही जात नाही. कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतील इमारतींतही असे ‘हाउसबुख’, म्हणजे घरपुस्तक, ठेवलेले असे. त्यात रहिवाशांची आणि काही दिवस मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांची नोंद करावी लागे. ते मात्र पोलीस वाचत.

हुकूमशाही म्हटले की आपल्याला तुरुंग आठवतात. तुरुंग तेथेही होतेच; परंतु १९५० मध्ये स्थापन झालेल्या ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस खात्याची खरी करामत वेगळी होती. १९८९ मध्ये, जेमतेम १ कोटी ६० लाख वस्तीच्या त्या देशात, खात्याचे सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते आणि खबरे त्याहूनही अधिक. हे खबरे म्हणजे शेजारी, सहकारी, कधी डॉक्टर, कधी धर्मगुरूसुद्धा.

१९७५ मध्ये हेलसिंकी करारावर सही करून मानवी हक्कांचे जाहीर वचन दिल्यानंतर या राजवटीला विरोधकांची उघड धरपकड अडचणीची ठरू लागली, आणि १९७६ च्या एका अंतर्गत निर्देशाने ‘त्सेरझेत्सुंग’ ही पद्धत रीतसर आखून दिली. या शब्दाचा अर्थ विघटन. मी त्याला ‘आतून कुजवणे’ म्हणेन. विरोधक घरी नसताना त्याच्या घरात शिरायचे, काहीही चोरायचे नाही, फक्त भिंतीवरची चित्रे इकडची तिकडे करायची किंवा घड्याळाचा गजर बदलून ठेवायचा. तक्रार केली तर लोक त्यालाच वेड्यात काढणार! नोकरीत त्याची बढती अडवायची, निनावी पत्रे धाडायची आणि त्याच्या मित्रमंडळींत, हाच सरकारचा खबऱ्या आहे, अशी कुजबुज सोडून द्यायची. ही शेवटची युक्ती मला सर्वांत जहरी वाटते, कारण एकदा संशय शिरला की गट फोडायला पोलिसांना यावेच लागत नाही.

जानेवारी १९९० मध्ये लोक बर्लिनच्या मुख्यालयात घुसले, आणि १९९२ पासून ज्याची फाइल त्याला वाचता येऊ लागली. विरोधी चळवळीतील वेरा वोलेनबेर्गर यांच्याविषयी ‘डोनाल्ड’ या टोपणनावाचा एक खबऱ्या वर्षानुवर्षे माहिती पुरवत होता. तो त्यांचा नवरा होता.