पीठ, पापड आणि रोजचा हिशेब: लिज्जतच्या कामाची रचना

गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. हाताशी भांडवल होते अवघे ८० रुपये, आणि तेही छगनलाल करमशी पारेख ऊर्फ छगनबाप्पा या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशीच्या पापडांची चार पाकिटे भुलेश्वरातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने घेतली. आज ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या संस्थेत सुमारे ४५,००० स्त्रिया काम करतात आणि देशभर तिच्या ८०हून अधिक शाखा आहेत. या वाढीची हकीकत पुष्कळदा सांगितली गेली आहे. आपण मात्र आज पाहणार आहोत ती कामाची व्यवस्था. एवढ्या स्त्रिया आपापल्या घरी बसून, पाठीशी मुकादम उभा नसताना, एकाच मापाचा आणि एकाच चवीचा पापड कसा लाटतात, त्यांना कामाला कोण घेते, कोण शिकवते आणि वर्षानुवर्षे त्या या कामात का टिकतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

शाखेतला दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. उडदाच्या पिठात मिरी, हिंग, मीठ आणि पापडखार घालून ते तिंबले जाते, आणि सकाळ होते तोवर बहिणी शाखेत येऊ लागतात. मुंबईत त्यांना घराजवळून आणण्यासाठी शाखेची मिनीबस फिरते. प्रत्येकीच्या हातात आदल्या दिवशी लाटून वाळवलेल्या पापडांचा डबा असतो. ते पापड तपासले जातात, त्यांचे वजन होते, त्या वजनाप्रमाणे लाटणावळ, म्हणजे संस्थेतल्या बोलीत ‘वणाई’, हातात पडते, आणि त्याच फेरीत नवे पीठ घेऊन ती बहीण घरी परतते. किती पिठाचे किती सुके पापड परत यायला हवेत याचा हिशेब ठरलेला असतो. पापडाचा आकार आणि जाडीही ठरलेली असते. पुढचे काही तास ती आपल्या घरच्या पोळपाटावर काम करते. मुलांची शाळा, स्वयंपाक, पाण्याची वेळ, आजारी माणसाचे औषधपाणी, हे सगळे सांभाळून लाटण्याचे तास कुठे बसवायचे ते तिचे ती ठरवते.

लिज्जतची सगळी कार्यपद्धती या एका फेरीवर उभी आहे. एरवी कारखाना आपली वेळ ठरवतो आणि कामगाराचे घर त्या वेळेभोवती कसेबसे जुळवून घेते. येथे घराबाहेर आठ तास राहू न शकणाऱ्या बाईचा दिवस आधी धरला गेला आणि काम त्या दिवसाच्या मापाने बेतले गेले. रोजच्या रोज होणारा हिशेबही तितकाच मोलाचा आहे. ज्या घरात महिनाअखेरीची वाट पाहण्याइतकी सवड नसते, तिथे आज केलेल्या कामाचे पैसे उद्या सकाळी मिळणे हीच काम करत राहण्याची सर्वांत मोठी प्रेरणा असते, आणि हे ओळखायला सुरुवातीच्या त्या सात जणींना कोणी व्यवस्थापनतज्ज्ञ लागला नाही.

घरी पीठ देण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून नव्हती. सुरुवातीला सगळ्या गच्चीवरच लाटत असत. पहिल्याच वर्षी पावसाळा आला आणि पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाट आणि स्टोव्ह विकत घेऊन, खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटवून त्या बायकांनी पाऊस निभावला. तिसऱ्या वर्षापर्यंत लाटणाऱ्या तीनशेच्या वर गेल्या आणि गच्ची पुरेनाशी झाली, तेव्हा तिंबलेले पीठ घरी न्यायचे ठरले. जागेच्या अडचणीतून निघालेल्या या उपायामुळेच पुढे हजारो घरांपर्यंत काम पोचू शकले.

भरतीची पद्धत साधी आहे, पण सैल नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही स्त्री, जात, धर्म किंवा शिक्षण यांचा विचार न होता, संस्थेची तत्त्वे मान्य असल्याची प्रतिज्ञा घेऊन सभासद होऊ शकते. तिला ‘बहीण’ म्हणतात आणि त्या क्षणापासून ती संस्थेची एक मालक असते. त्याआधी तिच्या घरी जाऊन पाहणी होते: जागा स्वच्छ आहे का, पापड वाळत घालायला पुरेशी आहे का. जागा नसेल तर तिला परत पाठवले जाते असे नव्हे. पीठ तिंबणे, तपासणी किंवा पाकिटे भरणे अशी शाखेतली कामे तिला करता येतात. पुरुषांना मात्र सभासद होता येत नाही. हिशेबनीस, चालक, पहारेकरी अशा पगारी कामांवर पुरुष आहेत, पण निर्णयात त्यांचे मत धरले जात नाही.

शिकवण्याचा भाग वरवर पाहता लहान वाटतो, कारण पापड लाटणे बहुतेकींना माहेरीच आलेले असते. अवघड असते ते आपल्या हाताची सवय सोडणे. प्रत्येक घरचा पापड थोडा वेगळा असतो आणि घरात तेच कौतुकाचे असते; पाकिटात मात्र प्रत्येक पापड सारखाच निघाला पाहिजे. त्यासाठी नवी बहीण जुन्या बहिणींच्या हाताखाली बसते. जिन्नस मध्यवर्ती ठिकाणाहून येत असल्यामुळे चवीतला फरक आधीच कमी होतो, आणि उरलेला फरक हाताला वळण लावून काढावा लागतो. सुरुवातीच्या काळात स्वस्त आणि महाग असे दोन प्रकारचे पापड केले जात. दर्जा एकच ठेवा आणि त्यात तडजोड करू नका, असे छगनबाप्पांनी त्या वेळी सांगितले. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य होते. देणगी किंवा दया घ्यायची नाही, हिशेब पहिल्या दिवसापासून चोख ठेवायचा, आणि संस्था धंद्यासारखीच चालवायची, हा त्यांचा आग्रह संस्थेने पुढे कधी सोडला नाही.

आता एक तुलना करणे आवश्यक आहे, कारण घरी बसून नगावर किंवा वजनावर काम करणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्राला नव्या नाहीत. सोलापूर, सिन्नर आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील निपाणी या भागांत हजारो बायका घरी विड्या वळत आल्या आहेत. तिथेही कच्चा माल घरी न्यायचा आणि तयार माल परत आणून द्यायचा असाच क्रम असतो. पण तिथे ‘छाट’ नावाचा एक प्रकार रूढ होता: तपासणारा माणूस काही विड्या खराब ठरवून बाजूला काढी, त्यांची मजुरी बाईला मिळत नसे, आणि त्या छाट विड्या मालकाकडेच राहत. निपाणीच्या विडी कामगार स्त्रियांच्या लढ्यात ही छाट हा मोठा तक्रारीचा विषय होता. कामाचे बाह्य रूप दोन्हीकडे सारखे असताना बाईच्या वाट्याला येणारा अनुभव इतका वेगळा का, याचे उत्तर तपासणीच्या टेबलामागे कोण बसले आहे यात सापडते. लिज्जतमध्ये तपासणारी स्वतः बहीण असते, शाखेची प्रमुख म्हणजे संचालिका बहिणींमधूनच आलेली असते, आणि २१ जणींच्या व्यवस्थापकीय समितीतही बहिणीच असतात. निर्णय एकमताने व्हावेत असा दंडक आहे. एकीचाही ठाम विरोध असेल तर ठराव पुढे जात नाही. मोठ्या संस्थेत ही पद्धत वेळखाऊ ठरते, हे उघड आहे. तरीही ज्यांना घरातल्या निर्णयातही क्वचितच विचारले गेले, त्यांच्यासाठी या वेळेची किंमत मोजणे योग्यच आहे, असे आम्हाला वाटते.

नफ्याच्या वाटणीचा नियम तर अधिकच वेगळा आहे. लाटणावळ कामाप्रमाणे मिळते, पण नफा त्या शाखेतील सर्व बहिणींत समान वाटला जातो. वीस वर्षे काम केलेली आणि गेल्या वर्षी आलेली यांत तिथे फरक केला जात नाही. शाखेला तोटा झाला तर तोही तिथल्या बहिणींनीच सोसायचा असतो आणि त्यासाठी लाटणावळीच्या दरात फेरफार करण्याची तरतूद आहे. जास्त काम करणारीला जास्त मोबदला आणि मालकीत मात्र सगळ्या सारख्या, अशी ही विभागणी आहे. याखेरीज बहिणींच्या मुलींसाठी शिष्यवृत्त्या, साक्षरता वर्ग आणि ‘लिज्जत पत्रिका’ हे संस्थेचे मासिक यांतून कामापलीकडचे नातेही जपले जाते. संस्थापक सात जणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या व्यवस्थेची उणीव सांगितली नाही तर चित्र अपुरे राहील. तासन्‌तास वाकून लाटल्याने खांदे, मनगटे आणि कंबर यांवर ताण येतो. हात चालेल तितकीच लाटणावळ मिळते, त्यामुळे आजारपणात कमाई घटते. काम घरी आल्याने बाईला उत्पन्न मिळाले, पण घरकामाचा भार कोणी उचलून घेतला नाही. तो तिच्याच माथी राहिला आणि त्यावर पापडांचे तास चढले. मालकी हाती असली तरी शरीराचे हे गणित सुटत नाही, आणि घरबसल्या कामाच्या प्रत्येक योजनेने त्याचा स्वतंत्र विचार केला पाहिजे.

१९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. दोन वर्षांनी गुजरातमधील वालोड येथे महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा निघाली. पुढे खाकरा, मसाले, धुण्याची पावडर असे पदार्थ आणि वस्तू आल्या. अगरबत्ती, आगपेटी, चामड्याच्या वस्तू असे काही प्रयत्न फसलेही. यंत्राने पापड लाटणे शक्य असूनही संस्थेने लाटण्याचे काम हातांसाठीच राखून ठेवले आहे. त्यामुळे इथे मागणी वाढली की नवे यंत्र येत नाही, तर आणखी बहिणी घ्याव्या लागतात, त्यांच्या घरांची पाहणी करावी लागते, त्यांना जुन्या बहिणींच्या हाताखाली बसवावे लागते, आणि गरज पडल्यास एखाद्या गावात नवी शाखा उघडून तिच्यासाठी बहिणींमधूनच एक संचालिका तयार करावी लागते.